कुपोषित : होय / नाही

लॉजिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अँड, ऑर, नॉट, नँड... सेकंड इयरचा ब्रेडबोर्ड, काही केल्या न पेटणारा एलईडी आणि वायवाला हमखास विचारला जाणारा डी मॉर्गन. माझंही तसंच होतं. या लॉजिकचा एक थोरला भाऊ आहे, तो आर्ट्सच्या बिल्डिंगमध्ये राहतो. ‘इनपुट वन आहे की झीरो’ हे तो विचारत नाही, ‘मुळात वन कशाला म्हणायचं’ हे विचारतो. ही ओळख मला कॉलेजात झाली नाही. ती झाली मोखाडा तालुक्यात, एका अंगणवाडीच्या ओट्यावर, एक्सेलच्या एका कॉलमपायी.

त्याचं असं झालं. आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर होतं. नाशिकहून त्र्यंबकमार्गे एसटी, पुढे जीप आणि शेवटी पायपीट. दिवस डिसेंबरचे. श्रमदान, बंधारा, रात्री शेकोटी हे सगळं नेहमीप्रमाणे. पण आम्ही दोघं-तिघं इन्स्ट्रुमेंटेशनवाले असल्यामुळे सरांनी आमच्यावर वेगळं काम सोपवलं. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंच्या घ्यायला ताईंना मदत करायची आणि त्याचा एक छोटा तक्ता करून द्यायचा. आम्ही खूश! वजनकाटा झीरो करणं, दोनदा रीडिंग घेऊन सरासरी काढणं, हे तर आपलं रोजचंच. म्हटलं, यात काय अवघड आहे?

आधी नागलीची गोष्ट

पहिल्या रात्री जेवायला काळसर-तांबूस भाकरी आली. वाढणाऱ्या मावशींना विचारलं, “ही कशाची?” त्या म्हणाल्या, “नागलीची.” मी मनात म्हटलं, वा, नवीन धान्य खायला मिळालं. तीन दिवसांनी कळलं की नागली म्हणजेच नाचणी. लहानपणापासून आईनं जिचं सत्त्व बळंबळं पाजलं, तीच ही! दोन्ही शब्द मला माहीत झाले होते, दोन्हींतली वस्तू एकच होती, आणि तरीही ‘नागली म्हणजे नाचणी’ हे वाक्य माझ्यासाठी बातमी होतं.

घरी आल्यावर हे ताईला सांगितलं. ती फिलॉसॉफीत एम.ए. करतेय, त्यामुळे जेवताना असं काही बोलायची सोय नाही. ती लगेच म्हणाली, “अरे, तू फ्रेगे न वाचता फ्रेगेपाशी पोचलास!” गॉटलोब फ्रेगे हा जर्मन गणिती. त्यानं १८९२ साली एका प्रसिद्ध निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला. पहाटे दिसणारा शुक्र आणि संध्याकाळी दिसणारा शुक्र ही दोन नावं एकाच ग्रहाची. मग ‘पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा’ हे वाक्य अगदी पोकळ, आणि ‘पहाटेचा तारा म्हणजेच संध्याकाळचा तारा’ हा मात्र खगोलशास्त्रातला शोध, असं का? फ्रेगेचं उत्तर असं, की शब्दाला दोन अंगं असतात. एक म्हणजे तो ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती वस्तू. दुसरं म्हणजे ती वस्तू तो कोणत्या वाटेनं दाखवतो ती वाट. वस्तू एक असली तरी वाटा वेगळ्या असू शकतात.

आपल्याकडे तर हा प्रश्न फारच जुना आहे. ‘पदार्थ’ हा शब्दच बघा ना, पदाचा अर्थ तो पदार्थ! न्यायसूत्रांत चर्चा आहे की ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय : समोरची एक गाय, गाईचा आकार, की सगळ्या गाईंत असणारं गाईपण? त्यांची नावं व्यक्ती, आकृती आणि जाती. न्यायमताप्रमाणे शब्दाच्या अर्थात तिन्ही येतात. कॉम्प्युटरवाल्यांनी यात ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘क्लास’ ओळखले असतीलच.

याच्या उलटही होतं. वस्तू बदलते आणि नाव तेच राहतं. जव्हार आणि मोखाडा हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. ‘ठाणे जिल्हा’ हे नाव मात्र आधीही होतं, नंतरही आहे. आता कुणी ठाणे जिल्ह्यातल्या कुपोषित मुलांचा २०१० पासून २०१८ पर्यंतचा ग्राफ काढला, तर २०१४ नंतर रेघ खाली येईल. पण त्या उताराचं श्रेय घेण्याआधी बघायला हवं की डोंगरातले तालुके जिल्ह्यातूनच निघून गेलेत. एकाही पोराचं वजन एक ग्रॅमनं वाढलं नाही तरी रेघ खाली येणारच! हे उदाहरण लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

ताईंचा प्रश्न

तर तक्ता. मी झोकात एक्सेल उघडलं. अनुक्रमांक, मुलगा/मुलगी, वय महिन्यांत, वजन, उंची. आणि शेवटचा कॉलम, ‘कुपोषित : होय/नाही’. बुलियन! एकदा हा कॉलम भरला की बेरीज, टक्केवारी, पाय चार्ट, सगळं तयार.

अंगणवाडीताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “दादा, हे कुपोषित कोणतं धरायचं? वयाप्रमाणे वजन, उंचीप्रमाणे वजन, का वयाप्रमाणे उंची?”

मी म्हटलं, “ताई, कुपोषित म्हणजे कुपोषित ना?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मग भरा तुम्हीच.”

तो कॉलम मला तीन दिवस भरता आला नाही.

एक मुलगी, चार उत्तरं

अडचण नीट कळावी म्हणून आपण एक मुलगी कागदावर घेऊ. ही कुणी खरी मुलगी नाही, गणितातल्या ‘समजा’सारखी आहे. वय बरोबर २४ महिने, वजन ८ किलो, उंची ७५ सेंटिमीटर, दंडाचा घेर १३ सेंटिमीटर, पायांवर सूज नाही. कुपोषित आहे की नाही?

पट्टी पहिली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७२ साली दिलेल्या श्रेणी. अंगणवाड्यांत अनेक वर्षं याच चालल्या. वयाला अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त वजन असेल तर मूल साधारण. ७१ ते ८० पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी, ५० किंवा त्याहून कमी चौथी. अपेक्षित वजन यायचं ते अमेरिकेतल्या बोस्टनच्या मुलांवरून काढलेल्या तक्त्यांतून. दोन वर्षांला ते साडेबारा किलोच्या आसपास. आपली मुलगी साधारण ६४ टक्के. म्हणजे दुसरी श्रेणी. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीला ‘तीव्र’ म्हणत, त्यात ती नाही.

पट्टी दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली नवे तक्ते काढले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या, चांगलं पोषण मिळालेल्या मुलांवरून ते बनवले. मूल कसं वाढतं यापेक्षा कसं वाढायला हवं हे दाखवणारे. पुढे आपल्या अंगणवाड्यांतही तेच आले. त्यांत वयाप्रमाणे वजन पाहिलं तर दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन ११.५ किलो आणि उणे तीन स्टँडर्ड डेव्हिएशनची रेघ ८.१ किलोवर. आपली मुलगी ८ किलो. म्हणजे ‘तीव्र कमी वजनाची’.

पट्टी तिसरी. वयाप्रमाणे उंची. उणे तीनची रेघ ७६.७ सेंटिमीटरवर, मुलगी ७५ वर. म्हणजे ‘तीव्र बुटकेपणा’.

पट्टी चौथी. उंचीप्रमाणे वजन. ७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला ८ किलो वजन? उणे दोनच्याही वर. म्हणजे ‘साधारण’! अतितीव्र कुपोषित, ज्याला सगळे ‘सॅम’ म्हणतात, ती नाही. मध्यम, म्हणजे ‘मॅम’, तीही नाही.

काटा तोच, टेप तोच, मुलगी तीच. उत्तरं चार. आणि माझ्या कॉलमला हवं होतं एकच अक्षर!

असं कसं होतं, हे एकदा कळलं की विसरत नाही. बरेच महिने, आईच्या पोटात असल्यापासून, थोडं थोडं कमी पडत गेलं की शरीर उंचीत काटकसर करतं. मूल लहान राहतं, पण त्या लहान चणीला त्याचं वजन शोभून दिसतं. असं मूल डोळ्यांना ‘बारीक’ वाटतच नाही, वयानं लहान वाटतं. उलट चांगल्या उंचीचं मूल आजारपणानं किंवा अचानक अन्न तुटल्यानं झपाट्यानं वजन हरवतं, तेव्हा ते लुकडं होतं. चौथी पट्टी लुकडेपणा पकडते, तिसरी बुटकेपणा. दोन्ही भुकेचेच मार्ग, पण वेगळे. ‘कुपोषण’ हा एक शब्द दोन्हींवर पांघरूण घालतो.

गाईची व्याख्या आणि सॅमची

हे सगळं ऐकून आमच्या ताईनं कपाटातून ‘तर्कसंग्रह’ काढला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचं हे छोटंसं पुस्तक न्यायशास्त्र शिकणाऱ्यांची बाराखडी समजतात. त्या परंपरेत व्याख्येला ‘लक्षण’ म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. उदाहरण अर्थात गाईचं.

‘कपिल रंगाची ती गाय’ असं म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात. ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हशी आणि बकऱ्याही आत येतात. ही अतिव्याप्ती. ‘एक खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव.

आपल्या भाषेत सांगायचं तर अव्याप्ती म्हणजे फॉल्स निगेटिव्ह, अतिव्याप्ती म्हणजे फॉल्स पॉझिटिव्ह आणि असंभव म्हणजे कायम झीरो देणारं सर्किट.

आता ‘बारीक दिसतं ते कुपोषित’ ही घरगुती व्याख्या घ्या. मुळातच सडपातळ, पण धडधाकट मूल त्यात अडकतं : अतिव्याप्ती. आपली ७५ सेंटिमीटरची मुलगी सुटते : अव्याप्ती. आणखी एक मूल सुटतं, ते तर जास्त धोक्यात असतं. काही तीव्र कुपोषित मुलांच्या अंगावर सूज येते, गाल-पाय भरल्यासारखे दिसतात, काट्यावर वजनही फसवं जास्त येतं. या आजाराचं नाव ‘क्वाशिओरकॉर’. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करताना ते तिथल्या गा भाषेतून उचललं. धाकटं भावंडं आलं की अंगावरून दूर झालेल्या थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा आशय. पाठ्यपुस्तकात येण्याआधीच तिथल्या बायांनी नावातच कारण सांगून ठेवलं होतं.

म्हणूनच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सॅमची व्याख्या एका पट्टीवर ठेवलेली नाही. उंचीप्रमाणे वजन उणे तीनच्या खाली, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज. तीन इनपुटचं ऑर गेट! त्यातलं कोणतंही एक इनपुट तोडून बघा. गेट चालू राहील, आउटपुटही येईल, फक्त काही मुलं आतमध्ये यायचीच थांबतील. दंडाच्या टेपला सापडणारी आणि वजन-उंचीला सापडणारी मुलं पुष्कळदा वेगवेगळी असतात. त्यामुळे ‘आम्ही नुसतीच टेप लावली’ हे वाक्य साधं वाटलं तरी त्यात कुणाचं तरी मूल सुटलेलं असू शकतं.

मग व्याख्या बदलणारे सगळे लबाड का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तसं नाही. लवकर उपचार मिळाले नाहीत तर कोणतं मूल आधी दगावेल, हे शोधायला सॅमची व्याख्या केली आहे. त्या कामाला ती नेमकी आहे, आणि पोषण पुनर्वसन केंद्रातल्या मोजक्या खाटांवर आधी कुणाला न्यायचं ते तिनंच ठरवायला हवं. घोटाळा होतो तो पुढे. ‘सॅम नाही’ याचं ‘कुपोषित नाही’ होतं, आणि मग ‘सगळं ठीक आहे’. पहिलं वाक्य एका पट्टीचं, दुसरं चारही पट्ट्यांचं, तिसरं कोणत्याच पट्टीचं नाही. ग्राफवर मात्र तिन्ही सारखीच दिसतात.

न सापडणारा बळी

आता सगळ्यात जड भाग. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. आजही पेपरात जव्हार-मोखाड्याचं नाव आलं की पाठोपाठ ‘कुपोषण’ येतंच. २०१६ साली मोखाड्यातल्या मृत्यूंवरून पुन्हा तेच झालं. अशा प्रत्येक वेळी एक वाद ठरलेला असतो : हे कुपोषणाचे बळी की आजाराचे?

या वादातही व्याख्या लपलेली आहे. कुपोषणबळी म्हणजे ‘ज्याच्या मृत्यूचं कारण कुपोषण आणि फक्त कुपोषण’ असं कुणी धरलं, तर असं मूल जवळजवळ सापडणारच नाही. कारण कुपोषित मूल शेवटी जातं ते न्यूमोनियानं, जुलाबानं, गोवरानं. त्याच जुलाबातून धडधाकट मूल उठून बसतं, हे उठत नाही. म्हणजे ही व्याख्या एका खुराच्या गाईसारखी झाली : असंभव! मग ‘कुपोषणानं एकही मृत्यू नाही’ हे विधान खरं ठरतं, पण ते पाड्यावर काय घडलं म्हणून नव्हे. शब्दाची मांडणीच तशी केली म्हणून.

उलट टोकालाही जाऊ नये. दगावलेलं प्रत्येक मूल कुपोषणाचंच म्हटलं तर अतिव्याप्ती होते. मग सर्पदंश, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, वेळेवर न मिळालेली गाडी हे सगळं त्याच शब्दाखाली दडतं आणि त्यावरचे उपायही हुकतात.

यातून वाट आहे. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात एकच कारण लिहायचं नसतं. शेवटचं कारण, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं अशी साखळी असते, आणि हातभार लावणाऱ्या गोष्टींना वेगळी जागा असते. जगभरच्या पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे अपुऱ्या पोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा साखळी बघूनच निघतो. शेवटचीच कडी बघितली असती तर तो निघालाच नसता.

कुलूप लावलेली घरं

एक कॉलम अजून राहिला. ताईंच्या रजिस्टरवर जितकी नावं होती तितकी मुलं आम्हाला मोजायला मिळाली नाहीत. भात-नागली-वरईची कामं उरकली की पुष्कळ कुटुंबं पोरांसकट वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. डिसेंबरात घरोघरी कुलपं. आता ‘गावातली मुलं’ म्हणजे कोण? रजिस्टरवरची की आज हजर असलेली? टक्केवारी काढताना भागायचं कशानं? जी गेली ती बहुधा जास्त गरजू घरांतली. म्हणजे जी मोजायला हवीत तीच मोजणीबाहेर, आणि टक्केवारी दिसायला छान!

मी त्या नावांपुढे ‘नाही’ टाकणार होतो, फॉर्म्युला चालावा म्हणून. ताई म्हणाल्या, “दादा, तिथे नाही नका लिहू. माहीत नाही असं लिहा.” आम्ही बुलियन शिकलो, पण ‘नल’ म्हणजे झीरो नव्हे हे व्हॅल्यू समोर आल्यावर विसरतो, ते असं.

शेवटी काय केलं

शेवटच्या दिवशी तो ‘होय/नाही’चा कॉलम उडवला. त्याजागी पाच कॉलम आले : वयाप्रमाणे वजन, वयाप्रमाणे उंची, उंचीप्रमाणे वजन, दंडाचा घेर, पायांवर सूज. शिवाय मोजल्याची तारीख, आणि न मोजलेल्यांसाठी ‘स्थलांतरित, मोजणी बाकी’. खाली एका ओळीत लिहिलं की कोणते तक्ते वापरले. पाय चार्ट काही जमला नाही. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. २०२१ पासून त्यांना हे सगळं पोषण ट्रॅकरवर मोबाइलमध्ये भरावंच लागतं, रेंज शोधत टेकडावर जाऊन. माझा तक्ता त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट नव्हती. शिकलो मीच.

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच कुणी असले डॅशबोर्ड बनवणार आहेत. टेंडरमध्ये लिहिलेलं असेल, ‘कुपोषित मुलांची संख्या दाखवणे’. आपण एक फील्ड करू, लाल-हिरवा रंग देऊ आणि बिल पास होईल. त्या फील्डचं नाव टाइप करताना क्षणभर थांबा. या शब्दात कोण येतं, कोण सुटतं, आणि ही व्याख्या कोणत्या कामासाठी केली होती, एवढं विचारा. आणि पेपरात ‘कुपोषण घटले’ अशी बातमी दिसली तर आनंद जरूर माना, फक्त आधी बघा : मुलं बदलली, पट्टी बदलली, की तालुकाच दुसऱ्या जिल्ह्यात गेला?

आमच्या कागदावरची ती ७५ सेंटिमीटरची मुलगी तीन पट्ट्यांवर लाल आहे आणि एका पट्टीवर हिरवी. तिला संध्याकाळी नागलीची भाकरी पोटभर मिळते का, हे अजून कोणत्याच कॉलममध्ये नाही.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन